वॅट वाढवले की बेस वाढतो?

तुळशीचं लग्न लागलं की शहापूर-मुरबाड पट्ट्यात मांडव उभे राहू लागतात, ते मृगाचा पाऊस येईस्तोवर. हळदीची रात्र, वरात, पौषी पौर्णिमेची म्हशाची यात्रा, १४ एप्रिलच्या आगेमागे होणारे भीमगीतांचे कार्यक्रम, आणि पुढे भाद्रपदात गणपती. ऑर्केस्ट्रा असो की बँजो पार्टी, या प्रत्येक ठिकाणी खालचा सूर धरून ठेवणारं कोणीतरी लागतंच. कुठे चार तारांची बेस गिटार असते, कुठे कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम करतो. तो सूर ऐकू येईनासा झाला की गाण्याचा आधारच जातो. अशा वेळी वादक, साऊंडवाला आणि कार्यक्रम ठेवणारा यजमान, तिघांच्याही तोंडी एकच उपाय असतो: मशीन मोठं घ्या. तीनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर सहाशेचा घ्या, सहाशेचा असेल तर हजाराचा.

या मताचं खंडन करण्याआधी ते मांडणाऱ्यांची बाजू पुरी सांगितली पाहिजे, कारण ती अनुभवातून आलेली आहे. ते म्हणतात, आमचे कार्यक्रम उघड्यावर होतात. मुंबईच्या हॉलला भिंती असतात, इथे चारी बाजूंना शेत. घरी सरावाला जो बेस भरून येतो तो मांडवात गेला की हरवतो, आणि मशीन मोठं केलं की थोडा परत येतो, हे आम्ही कानांनी ऐकलंय. दुसरं म्हणजे, खालचे सूर ताकद खातात. तिसरं, छोट्या मशीनवर मोठा स्पीकर लावला की कॉइल जळते, म्हणून मशीन नेहमी स्पीकरपेक्षा मोठं हवं. चौथं, बेस खोल हवा असेल तर अठरा इंची वूफरशिवाय पर्याय नाही, आणि अठरा इंची हलवायचा म्हणजे वॅट आलेच. शिवाय इथली वीज. खांबापासून लांब वायर ओढून मांडवात आणलेल्या लाईनचं व्होल्टेज रात्री आठ वाजता इतकं पडतं की लहान मशीनचा दम निघतो.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर त्यात काही ना काही खरं आहे. त्या सगळ्यांतून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र खरा नाही, आणि त्याची किंमत हळदीच्या सुपाऱ्यांवर संसार चालवणारे वादक मोजतात. म्हणून हा वाद घालणं मला गरजेचं वाटतं.

पहिला पुरावा आपल्याच गावातला आहे. हरिनाम सप्ताहात देवळावर किंवा आवारातल्या झाडावर बांधलेला भोंगा आठवा. तीस-चाळीस वॅटचं त्याचं युनिट असतं. पहाटेची काकड आरती त्यातून निघते आणि ओढ्यापलीकडच्या पाड्यावर शब्द न् शब्द कळतो. त्याच आवारात पाचशे वॅटचा कॉलम ठेवून तेवढ्या लांब शब्द पोहोचवून पाहा. वॅट हेच आवाजाचं माप असतं तर भोंगा कॉलमपुढे कुजबुजला असता.

स्पीकर विजेचं जे आवाजात रूपांतर करतो ते किती काटकसरीने करतो, यात सगळं आहे. ते मोजायची साधी रीत ठरलेली आहे. स्पीकरला एक वॅट द्यायचा आणि एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते पाहायचं. या आकड्याला त्या स्पीकरची संवेदनक्षमता म्हणतात. भोंग्याची संवेदनक्षमता शंभरच्या बरीच वर असते. चांगल्या पंधरा इंची कॉलमची पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास, आणि स्वस्तातल्या लहान बेस कॉम्बोची नव्वदीच्या जेमतेम पुढे. आता डेसिबलचा हिशेब असा: शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, दहापट केली तर १० डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे तीनशे वॅटच्या जागी सहाशेचं मशीन आणणाऱ्याने ३ डेसिबल विकत घेतले. हा फरक शेजारी शेजारी लावून ऐकला तर कळतो. मांडवातल्या गोंगाटात, जेवणाच्या पंगती चालू असताना, तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुप्पट आवाज हवा असेल तर तीनशेच्या जागी तीन हजार वॅट लागतील. उलट ९४ डेसिबलच्या कॅबिनेटच्या जागी १०० डेसिबलचं कॅबिनेट आणलं तर तेच तीनशे वॅट बाराशे वॅटांचं काम करू लागतात, मशीनला हात न लावता.

ही काटकसर किती बिघडलेली असते ते ऐकून धक्का बसेल. ९४ डेसिबलच्या स्पीकरमध्ये गेलेल्या शंभर वॅटांपैकी दोन वॅटसुद्धा आवाज होत नाहीत. बाकी सगळी उष्णता. ती उष्णता व्हॉइस कॉइलमध्ये साठते. कॉइल दीडशे अंशांनी तापली की तांब्याचा रोध दीडपटीहून जास्त होतो आणि मशीन तितकीच कमी शक्ती तिच्यात घालू शकतं. मे महिन्यात, दुपारभर उन्हात तापलेल्या टेम्पोतून उतरवलेला कॉलम रात्री अकराला थकल्यासारखा वाजतो, त्यामागे हे कारण असू शकतं. त्या क्षणी व्हॉल्यूम आणखी वर करणं म्हणजे आणखी उष्णता भरणं.

इथे पूर्वपक्ष म्हणेल, भोंगा लांब जातो हे खरं, पण भोंग्यात बेस कुठे आहे? हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर या विषयाच्या गाभ्याशी नेतं.

जोसेफ अँटन हॉफमन हे अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. ध्वनिशास्त्रात त्यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो, त्याला लोखंडी नियमच म्हणतात. कॅबिनेटकडून तीन गोष्टी मागता येतात: ते लहान असावं, ते खोल वाजावं, आणि थोड्या विजेत जोरात वाजावं. तिन्ही एकदम मिळत नाहीत, कोणत्याही दोन निवडाव्या लागतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जे गणित मांडलं त्याने या नियमाला नेमके आकडे दिले. आजचा प्रत्येक जबाबदार कारखाना त्याच गणितावर कॅबिनेट आखतो. त्या गणिताप्रमाणे, काटकसर तीच ठेवून कॅबिनेटला एक सप्तक खाली न्यायचं असेल, म्हणजे ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झपर्यंत, तर त्याच्या आतली जागा आठपट करावी लागते. भोंग्याने खोली सोडली आणि बाकी दोन घेतल्या. दुकानात ठेवलेला लहानसा बॉक्स जेव्हा अगदी खोल घुमतो तेव्हा त्याने काटकसर सोडलेली असते, आणि ती उणीव भरून काढायला तो तुमच्याकडून वॅट मागत राहतो. मोठं मशीन घ्यायची पाळी येते ती पुष्कळदा यामुळे.

मग बेस गिटारवाल्याने तीनपैकी काय सोडावं? माझं ठाम मत आहे की त्याने खोली सोडावी. हे ऐकून बहुतेकांना विचित्र वाटेल, कारण बेस म्हणजेच खोली असं आपण धरून चालतो. पण वाद्याकडे पाहा. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार, ई, ४१ हर्ट्झवर कंप पावते. पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. पण ती ई तार छेडल्यावर एकटा ४१ निघत नाही. त्याबरोबर ८२, १२३, १६४ असे त्याच्या पटीतले सूर निघतात, आणि गिटारच्या पिकअपपर्यंत पुष्कळदा ८२चा सूर ४१पेक्षा ताकदीने पोहोचतो. आपला कान असा आहे की ८२, १२३, १६४ ही मालिका ऐकली की तो तिचा पाया, ४१, स्वतःच भरून घेतो. पाया प्रत्यक्ष नसला तरी सूर त्याच जागी ऐकू येतो.

याचा पुरावा आपल्या मागच्या पिढीतल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याच्या घरी होता. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेली बेस गिटार, किंवा चरणजीत सिंग यांनी त्या काळच्या हिंदी गाण्यांत वाजवलेली, गावोगावच्या वादकांनी शिकली ती ट्रान्झिस्टरवरून. तळहाताएवढ्या त्या स्पीकरातून ४१ हर्ट्झ निघण्याचा प्रश्नच नव्हता, शंभराखालचं जवळजवळ काहीच निघत नव्हतं. तरी या मंडळींनी त्या चाली सुरासुराने उतरवल्या आणि बिनचूक वाजवल्या. खालचा सूर ओळखायला खोल स्पीकर लागतच असता तर हे घडलं नसतं.

बेस गिटारच्या इतिहासाची साक्षही याच बाजूची आहे. लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर काढला. १९६० मध्ये अँपेग कंपनीचा बी-१५ आला. पंचवीस-तीस वॅटचा वाल्व्ह अ‍ॅम्प आणि नीट आखलेल्या कॅबिनेटमध्ये एकच पंधरा इंची स्पीकर. अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये तो वर्षानुवर्षं बेसचा मापदंड मानला गेला. मग १९६९ मध्ये त्याच कंपनीने मोठ्या मैदानांसाठी तीनशे वॅटचा एसव्हीटी काढला. लक्षात घ्या, हजारोंच्या गर्दीसाठी तीनशे वॅट. आणि त्याला जोडलं काय? अठरा इंची वूफर जोडला नाही. दहा इंची आठ स्पीकरांचं एक कॅबिनेट, अशी दोन जोडली. त्या कुळातल्या आठ स्पीकरांच्या कॅबिनेटची कारखान्याने दिलेली मापं बोलकी आहेत. त्याची पकड ५८ हर्ट्झच्या खाली सुटू लागते आणि ४० हर्ट्झला आवाज १० डेसिबलने उतरलेला असतो. संवेदनक्षमता मात्र १०० डेसिबल. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बेस कॅबिनेटने खोली सोडली आणि काटकसर धरली. आकार त्याने अवाढव्य ठेवला, साठ किलोंच्या वर. डोळखांबकडच्या पाड्यावर ते चढवायला मी कोणाला सांगणार नाही, पण त्यामागचा विचार घेण्याजोगा आहे.

त्यातूनच अठरा इंची वूफरचं उत्तर मिळतं. आवाज हवा ढकलून होतो, आणि हवा किती ढकलली जाते हे कोनचं क्षेत्रफळ आणि तो किती आतबाहेर होतो यावर ठरतं. अठरा इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर. दहा इंचीचं ३४०-३५०. म्हणजे दहा इंची चार स्पीकर एका अठरा इंचीपेक्षा जास्त हवा धरतात. शिवाय लहान कोन हलका असतो, तार छेडतानाचा ठोका तो चटकन दाखवतो, आणि मांडवात बेसचा सूर वेगळा काढायला हा ठोकाच कामी येतो. अठरा इंचीचं काम वेगळं आहे. तो ज्या पट्ट्यात जोरकस असतो, तिथे ढोलाचा आणि ऑक्टोपॅडच्या किकचा मुक्काम असतो. बेस गिटारही तिथेच कोंबली की दोघांचा एक गोळा होतो आणि मग बेसवाला म्हणतो, माझं काही ऐकू येत नाही.

उघड्या जागेचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि पूर्वपक्षाचा तो सर्वांत बळकट मुद्दा आहे. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरांहून जास्त असते. घरी सराव करताना अ‍ॅम्प कोपऱ्यात असतो. दोन भिंती त्या लांब लहरी परतवतात आणि दोन्हींचा मिळून दहा-बारा डेसिबलपर्यंत फायदा खालच्या सुरांना होतो. मांडवाच्या कापडाला त्या लहरी जुमानत नाहीत, त्या आरपार जातात. तेव्हा किन्हवलीच्या शेतात उभा राहिलेला वादक घरचा बेस शोधत असतो आणि हात जातो बेसच्या बटणाकडे. बटण पूर्ण फिरवलं की त्या पट्ट्यात १२ डेसिबल वाढतात. १२ डेसिबल म्हणजे सोळापट शक्ती. तीनशे वॅटच्या मशीनला वीस वॅटवर निवांत वाजवत असाल, तर या एका बटणाने ते शेवटाला जाऊन टेकलं. मग संवाद ठरलेला:

“दादा, बेस अजून थोडा सोड ना.”

“कुठून सोडू? मशीन लाल मारतंय.”

अशा वेळी कॅबिनेटची जाळी काढून कोनवर बॅटरीचा उजेड टाकावा. मोकळी ई तार जोरात छेडली की कोन बोटाच्या पेराएवढा पुढे-मागे फेकला जातो, त्याच्या कडेचा पट्टा ताणून चकाकतो, आणि एवढी धडपड होऊनही कानावर येते ती फडफड, सूर नाही. तीच पट्टी एक सप्तक वर वाजवली की कोन जवळजवळ स्थिर दिसतो आणि आवाज भरीव येतो. गणितही तेच सांगतं. तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. त्यातून कॅबिनेटला पुढे भोक असेल, म्हणजे पोर्ट असेल, तर पोर्ट ज्या सुराला लावलेला आहे त्याच्या खाली गेल्यावर कोनला आतल्या हवेचा आधार उरत नाही. तो मोकाट हलतो. अशा वेळी पाचशे वॅटचा स्पीकर दोनशे वॅटमध्येही फाटू शकतो, तापून नव्हे, ताणून.

म्हणजे उघड्यावर बेस हरवतो हे निदान बरोबर आहे, औषध चुकीचं आहे. जो सूर ते कॅबिनेट काढूच शकत नाही त्याच्यासाठी आणखी वॅट ओतून फक्त कोन फाटतो. औषध उलट्या दिशेचं आहे. ४० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापून टाकायचं, बेसचं बटण मधोमध आणायचं आणि शंभर ते चारशे हर्ट्झच्या पट्ट्याला थोडा हात द्यायचा. ढोलाचा गोळा बाजूला होतो, मशीनचा लाल दिवा विझतो, आणि त्याच तीनशे वॅटमध्ये बेसची चाल पाठच्या रांगेपर्यंत ओळखू येते. पुष्कळ नव्या मिक्सरवर हा फिल्टर एका बटणाचा असतो. त्याचा साधारण आकडा ७५ ते १००च्या दरम्यान असतो, तेवढा बेसला जास्तच होतो हे कबूल, पण फिल्टर नसण्यापेक्षा मी तोही दाबून ऐकून पाहीन.

लहान मशीन मोठ्या स्पीकरला जाळतं, हा समज तर इतका रुजला आहे की त्यावर कोणी शंकाही घेत नाही. जळायला उष्णता लागते, आणि उष्णता शक्तीतूनच येते. दोनशे वॅटचं मशीन कितीही लाल मारू दे, त्याची लहर पूर्ण चौकोनी झाली तरी ते जास्तीत जास्त दुप्पट, चारशे वॅट देईल. खरोखर पाचशे वॅट सोसणारा स्पीकर त्याने जळणार नाही. मग कॉइल का जळतात? कॅबिनेटच्या मागची पट्टी वाचा. ठसठशीत छापलेलं असतं २००० वॅट. त्याच पट्टीवर बारीक अक्षरांत पीक, प्रोग्राम, आरएमएस असे तीन आकडे असले तर नशीब. पीक २००० म्हणजे सतत सोसण्याची ताकद साधारण ५००. ज्यांनी टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवरचे पीएमपीओचे हजारोंचे आकडे पाहिलेत त्यांना हे नवं नाही. तर स्पीकर मुळात ५००चा, त्याला दोन हजाराचा समजून मोठ्या मशीनने झोडपलेला, आणि कॉइल गेल्यावर दोष दिला जातो आधीच्या लहान मशीनला. लाल मारणाऱ्या मशीनने खरोखर जे जळतं ते ट्विटर. त्याची ताकद थोडक्याच वॅटांची असते, आणि लहर चौकोनी झाली की वरच्या सुरांचा मारा त्याच्यावर वाढतो. त्यावरचा इलाज व्हॉल्यूम खाली करणं हा आहे. लाल दिव्याची सवय असलेला हात मोठ्या मशीनवरही लाल दिव्यापर्यंतच जातो, आणि तिथे आता दुप्पट शक्ती असते.

विजेचं पाहू. जुन्या पद्धतीच्या जड ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३०चं १८० झालं तर शक्ती ६१ टक्के उरते. ऐकायला मोठं नुकसान वाटतं, डेसिबलमध्ये ते दोनाच्या थोडं वर आहे. एवढ्यासाठी मोठं मशीन आणलं आणि ते ताणून वाजवलं तर ते जास्त करंट ओढतं, बारीक लांब वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं, आणि त्याच लाईनवरचे दिवे मंद होतात. हल्लीचे क्लास-डी बेस अ‍ॅम्प दोन-तीन किलोंचे असतात. त्यांतल्या पुष्कळांचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा असतो. पट्टीवर तसं छापलं असेल तर आपल्या भागासाठी तो गुण दोनशे जादा वॅटांहून मोलाचा आहे. त्याच्या जोडीला मांडवापर्यंत जाड वायर.

आता माझी बाजू. वॅट निरर्थक आहेत असं मी म्हणत नाही. बेसच्या तारेचा पहिला ठोका सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उसळतो, त्याला वर मोकळी जागा हवी. तीनशे ते पाचशे खरे वॅट कामाचे आहेत आणि हल्ली ते परवडतातही. पण तिथे थांबावं, आणि पुढचा पैसा कॅबिनेटवर घालावा. तोही एका मोठ्या कॅबिनेटवर नको, दोन सारख्या लहान कॅबिनेटवर. एक बारा इंची किंवा दोन दहा इंची असलेलं, आठ ओमचं, शक्य तितक्या संवेदनक्षमतेचं. निओडिमियम चुंबकाचं मिळालं तर वजनही उतरतं. घरच्या हळदीला एक न्यायचं, यात्रेला दोन. दुसरं कॅबिनेट पहिल्याला समांतर जोडलं की मिळून चार ओम होतात. मशीन चार ओमला चालणारं असेल तर ते दुप्पट शक्ती सोडतं, त्याचे ३ डेसिबल. आणि कोनचं क्षेत्रफळ दुप्पट झाल्याने खालच्या सुरांना आणखी ३. हिशेबाने सहा, हातात पाच धरा. मशीन दुप्पट करून तीनच मिळाले असते, आणि प्रत्येक कॉइलवरचा ताण वाढला असता. इथे ताण वाढलेला नाही. एक पथ्य पाळायचं: मशीनच्या मागे किमान ओम लिहिलेले असतात, त्याच्या खाली जायचं नाही. चार-चार ओमची दोन कॅबिनेट जोडली की दोन ओम होतात आणि बरीच मशीन तिथे बंद पडतात किंवा जळतात.

दोन्ही कॅबिनेट एकावर एक उभी ठेवावीत. शेजारी शेजारी मांडली की मधले सूर बाजूंना जाताना एकमेकांना खातात. आणि एकच जमिनीवर ठेवलं तर आवाज वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतो, त्याचा कान वर राहतो. त्याला ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, आणि समोर पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर ते सगळं येतं. उभ्या रचनेत वरचा स्पीकर कमरेच्या वर येतो आणि वादक स्वतःहून आवाज खाली करतो.

एक नवा पक्षही हल्ली ऐकू येतो: अ‍ॅम्पच नको, डीआय बॉक्समधून तार थेट मिक्सरला द्या. गर्दीपुरतं हे मला मान्य आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवरून बत्तीसवर जाईपर्यंत २४ डेसिबल गेले. एवढं अंतर स्टेजवरच्या कॅबिनेटने कापू नये, ते गर्दीकडे तोंड केलेल्या मुख्य स्पीकरांचं, म्हणजे पीएचं, काम आहे. पण यात्रेतल्या स्टेजवर मॉनिटर पुष्कळदा गायकापुरताच असतो. ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला बेसकडे कान लावून लय धरतात. त्यांच्यासाठी मागे उभं असलेलं कॅबिनेट हवंच. दोन्ही ठेवा: कॅबिनेट स्टेजसाठी, डीआय गर्दीसाठी.

या सगळ्याला कायद्याचीही एक बाजू आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारने ठरवून दिलेले मोजके दिवसच काय ते बारापर्यंत सवलत. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीबद्दल सविस्तर निकाल दिला. साऊंडवाले म्हणतात, बेस मीटरवर दिसतच नाही. ते खरं आहे. नियमातलं माप ए-भारित असतं, त्यात ४० हर्ट्झचा सूर जवळपास ३५ डेसिबलने कमी मोजला जातो. पण मीटरला न दिसणारा तोच सूर कुडाच्या आणि पत्र्याच्या घरातून आरपार जातो आणि शेजारच्या वस्तीत आजाऱ्याला झोपू देत नाही. चाळीसच्या खालचं कापणं हे वाद्याच्या भल्याचं आहे तसं शेजाऱ्याच्याही.

खरेदीला बहुतेकांना कल्याण नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, धोबी तलाव गाठावा लागतो. दुकान म्हणजे चार भिंतींची खोली, तिथे सगळंच भरीव वाजतं. म्हणून कॅबिनेट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर घ्यायला सांगा, मशीनची सगळी बटणं मधोमध ठेवा, आणि आपलीच गिटार लावा. आधी संवेदनक्षमतेचा आकडा विचारा, मग आरएमएस, मग ओम. आकडा सांगता येत नसेल तर दोन कॅबिनेट एकाच मशीनवर, व्हॉल्यूम न हलवता, आलटून पालटून ऐका. त्यासाठी दोन्हींचे ओम सारखे हवेत. मग दहा पावलं मागे जाऊन दुसऱ्या कोणाला तरी ए तारेवर एखाद्या गाण्याची चाल वाजवायला सांगा. जिथे प्रत्येक सूर वेगळा ओळखू येतो ते घ्या. उरलेल्या पैशांत दुसरं तसंच कॅबिनेट पुढच्या लग्नसराईला.